ग्रेडियस: आर्केडचं मूळ मशीन आणि घरची कॅसेट

कॉन्ट्रा या व्हिडिओ गेममधला ३० जिवांचा कोड ज्याला पाठ नाही असा नव्वदच्या दशकात वाढलेला माणूस जळगाव-धुळ्यात शोधावा लागेल. पण तो कोड मुळात ज्या खेळात आला, तो ग्रेडियस मल्टी-कॅसेटच्या (एकाच कॅसेटमध्ये अनेक खेळ) यादीत दिसूनही बहुतेकांनी पुढे ढकलला. पहिल्या पाच मिनिटांत जीव जातात, खालच्या पट्टीत काय चाललंय ते कळत नाही, म्हणून रिसेट दाबून सगळे पुन्हा मारिओकडे. कॉन्ट्राइतकाच वेळ या खेळाला द्यावा असं आमचं मत आहे. घरच्या व्हिडिओ गेमवर जेवढे अंतराळातले विमानवाले खेळ आले, त्यांत आर्केडचा (नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा) खेळ कापून छोटा करताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा इतका चांगला हिशोब फार थोड्यांनी केला आहे.

मूळ खेळ कोनामी या जपानी कंपनीने १९८५ मध्ये आर्केडसाठी काढला. जपानबाहेर त्याच मशीनला नेमेसिस हे नाव होतं. विक व्हायपर नावाचं यान डावीकडून उजवीकडे जातं, पडदा आपोआप सरकत राहतो, आणि सात टप्पे पार करायचे असतात. कोनामीच्याच १९८१ च्या स्क्रॅम्बल या खेळाचा हा वंशज. तयार होताना त्याला स्क्रॅम्बलचा दुसरा भाग असंच धरलं होतं. जपानमधली मशीनं कोनामीच्या बबल सिस्टिमवर होती, म्हणजे खेळ साध्या रॉम चिपमध्ये नसून चुंबकीय बबल मेमरीत साठवलेला. ही मेमरी ठरावीक तापमानाला आल्याशिवाय वाचता येत नाही. म्हणून मशीन चालू केलं की पडद्यावर ९९ पासून उलटी गिनती लागते आणि तोवर एक शांत सकाळची धून वाजत राहते. ती धून आजही या खेळाचे चाहते मुद्दाम ऐकतात. बबल मेमरी महाग, त्यात बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने बिघडणारी, त्यामुळे पुढे हाच खेळ साध्या रॉमवर आला. मुख्य प्रोसेसर ६८००० नावाचा, आवाजासाठी वेगळा झेड८० नावाचा. हे दोन प्रोसेसर लक्षात ठेवा, कारण घरच्या आवृत्तीची खरी कमाल त्यांच्याशी ताडून पाहिल्यावरच कळते.

आता पट्टी. ग्रेडियसचा जीव तिथेच आहे. लाल शत्रू मारला, किंवा ओळीने येणारी टोळी पूर्ण मारली, की कॅप्सूल मिळते. कॅप्सूल थेट शस्त्र देत नाही, ती खालच्या पट्टीवरचा उजेड एक घर पुढे नेते. घरं सहा: स्पीड अप, मिसाइल, डबल, लेसर, ऑप्शन (यानामागे येत त्याच्यासोबत मारा करणारा जोडीदार) आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे ढाल. उजेड हव्या त्या घरावर असताना निवडीचं बटण दाबलं की ते शस्त्र तुमचं आणि पट्टी पुन्हा शून्यावर. सहाव्या घरावर असताना आणखी एक कॅप्सूल उचलली, तर उजेड परत पहिल्या घरावर येतो आणि ढाल हातची जाते. म्हणजे दर कॅप्सूलला एकच प्रश्न: आत्ता घ्यायचं की थांबायचं? कापूस आजच्या भावाला द्यायचा की आणखी पंधरा दिवस घरात ठेवायचा, हा जो विचार खानदेशात घरोघरी होतो, तो इथे गोळ्या चुकवताना अर्ध्या सेकंदात करावा लागतो.

पूर्ण सज्ज व्हायला किती कॅप्सूल लागतात ते मांडून बघा. एक स्पीड अप म्हणजे १, मिसाइल २, लेसर ४, पहिला ऑप्शन ५, दुसरा ऑप्शन ५. झाल्या १७. ढालीच्या ६ धरल्या की २३. डबल आणि लेसर एकत्र राहत नाहीत, एक घेतलं की दुसरं जातं, म्हणून डबल या हिशोबात धरलेलं नाही. एक मरण आलं की हे सगळं साफ. उघड्या यानाने, कासवगतीने, मागच्या ठाण्यापासून पुन्हा सुरुवात.

घरची आवृत्ती जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरच्या मशीनवर २५ एप्रिल १९८६ ला आली आणि त्याच वर्षअखेरीस अमेरिकेत एनईएसवर, म्हणजे फॅमिकॉमच्या तिकडच्या अवतारावर. पूर्ण खेळ ६४ किलोबाइट: ३२ प्रोग्रामचे, ३२ चित्रांचे. फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा ८-बिट. चित्रांच्या बाबतीत त्याची एक अट फार जाचक आहे: पडद्याच्या कोणत्याही एका आडव्या रेषेवर आठपेक्षा जास्त स्प्राइट, म्हणजे यान-शत्रू-गोळी यांसारखी हलणारी छोटी चित्रं, दिसू शकत नाहीत. नववा आला की तो त्या रेषेवर गायब. आणि एक स्प्राइट फक्त ८ पिक्सेल रुंद.

आता यान, त्याच्यामागे ऑप्शन आणि समोरून येणारे शत्रू हे सगळं एकाच उंचीवर आलं तर काय होईल ते बघा. आर्केडमध्ये ऑप्शन चार मिळतात. फॅमिकॉमवर चार ठेवले असते तर यान आणि ऑप्शन मिळूनच रेषेचा कोटा संपला असता आणि शत्रूच्या गोळ्या दिसल्याच नसत्या. न दिसणाऱ्या गोळीने मरणं यासारखा दुसरा अन्याय या प्रकारच्या खेळात नाही. कोनामीने ऑप्शन दोनवर आणले. लेसर आर्केडमध्ये लांबलचक रेघ आहे, इथे आखूड तुकडे आहेत, त्याचंही कारण तेच. मूळ खेळात काही टप्पे पडद्यापेक्षा उंच आहेत आणि यान वर-खाली नेलं की पडदाही सरकतो. घरच्या कॅसेटमध्ये ती उंची काढून प्रत्येक टप्पा एका पडद्यात बसवला. आर्केडची तीन बटणं (गोळी, मिसाइल, निवड) दोनावर आणली आणि गोळी-मिसाइल एकत्र जोडलं.

काढलं ते एवढंच. सातही टप्पे आहेत, ज्वालामुखी आहेत, मोआई (दगडी चेहऱ्यांचे पुतळे) आहेत, बिग कोअर (टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू) आहे, आणि पट्टी जशीच्या तशी, त्याच क्रमाने आहे. शत्रू फार झाले की चित्र लुकलुकतं आणि खेळ मंदावतो, हे खरं. पण निर्णय घेण्याचा ताण एका कणानेही कमी झालेला नाही, आणि आमच्या लेखी याच कारणासाठी ही कॅसेट आजही उभी आहे. कोनामीला चार ऑप्शन जमत नव्हते असंही नाही. १९८८ च्या फॅमिकॉमवरच्या ग्रेडियस २ मध्ये कॅसेटमध्येच स्वतःची जादा चिप घालून त्यांनी चार ऑप्शन दिले. पहिल्या वेळी साध्या कॅसेटमध्ये जे नीट चालेल तेवढंच घेतलं, हा संयम महत्त्वाचा.

संगीत मिकी हिगाशिनो यांचं. आर्केडच्या आवाजाला जी भरीवता आहे ती फॅमिकॉमच्या दोन पल्स, एक ट्रँगल आणि एक नॉइज चॅनेलमध्ये येत नाही. तरी पहिल्या टप्प्याची चाल ऐकताच ओळखू येते. इथे एक इशारा. आपल्याकडच्या बऱ्याच नकली चिपांमध्ये पल्स चॅनेलचे दोन आकार अदलाबदल झालेले असतात, त्यामुळे सूर बरोबर पण आवाजाचा पोत चुकीचा येतो, कुठे चिरका तर कुठे बसका. कॅसेट खराब आहे असं समजून ती परत करू नका, दोष मशीनमधल्या चिपचा असतो.

खेळायचं कसं, ते आता नीट सांगतो. पहिली कॅप्सूल डोळे मिटून स्पीड अपला. त्याशिवाय यान गोळी चुकवू शकत नाही. दुसरा स्पीड अप बहुतेकांना पुरतो. तिसरा घेतला की अरुंद जागेत यान भिंतीवर आपटतं, आणि वेग कमी करायची सोय नाही. मग मिसाइल, कारण जमिनीवरच्या तोफा तीच साफ करते. त्यानंतर लेसरआधी एक ऑप्शन घ्या. ऑप्शनला काही लागत नाही, तो मरत नाही आणि तुमच्याइतकाच मारा करतो.

ऑप्शन कसा चालतो हे कळलं की अर्धा खेळ जिंकला. तो यानाला बांधलेला नसतो, यान ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने थोड्या अंतराने मागे येतो. यान थांबलं की तोही आहे तिथे थांबतो. म्हणून आडवं पुढे जाऊन थांबलात तर दोन्ही ऑप्शन तुमच्या मागे एका रेषेत उभे राहतात आणि तिन्ही मारे एकाच उंचीवर जातात. खालून वर जाऊन थांबलात तर ते तुमच्याखाली एकावर एक राहतात, आणि जवळजवळ अर्धा पडदा तुमच्या माऱ्याखाली येतो. पहिल्या टप्प्याच्या शेवटी दोन ज्वालामुखी दगड उधळतात तेव्हा हीच उभी रचना हवी. ती दगड यायच्या आधी लावून मग शक्य तितकं कमी हलायचं. दगड पाहून इकडेतिकडे पळालात की ऑप्शनची रचना मोडते आणि मारा विस्कटतो.

बिग कोअरसमोर घाबरायचं काम नाही. तो चार लेसर एकदम सोडतो, पण त्यांच्यामधल्या फटीत यान मावतं. मधल्या गाभ्यासमोर आडपडदे असतात, ते एकेक फोडत आत जायचं. लेसर सुटताना फटीत, सुटून गेले की गाभ्यासमोर, असा ताल एकदा बसला की प्रत्येक वेळी तोच चालतो.

ढाल फक्त समोरून वाचवते. वरून, खालून, मागून किंवा भिंतीवर आदळून मरण येतंच. त्यामुळे मोआईंच्या टप्प्यात तिचा उपयोग, अरुंद भुयारात फारसा नाही. मोआईच्या तोंडातून कडी सुटतात. तोंड उघडलं की तेवढ्यात नेम धरायचा, आणि कडीही गोळीने फोडता येतात हे विसरायचं नाही. चौथा टप्पा म्हणजे पहिल्या टप्प्याचा उलटा अवतार. पाचव्यात लांब हात पसरणारे प्राणी येतात, त्यांच्या हातांवर गोळ्या वाया न घालवता मधल्या गाभ्यावर मारा करायचा. सहाव्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सातव्यात शत्रूचा किल्ला आहे, तिथे वेगापेक्षा वाट पाठ असणं कामाला येतं. शेवटचा शत्रू उलट वारच करत नाही. काहींना हा शेवट फिका वाटतो. तिथवर पोहोचलेल्याला त्याचं काही वाटत नाही.

खरी परीक्षा मेल्यानंतर असते. ठाण्यावरून उघडं यान घेऊन पुन्हा उभं राहणं, यातच बहुतेकांचे उरलेले जीव जातात. दोन टप्प्यांमध्ये जी मोकळी जागा येते तिथे टोळ्या एकामागून एक येतात. त्यातली एकही अर्धवट सोडू नका, पूर्ण मारली तरच कॅप्सूल. निळी कॅप्सूल पट्टी पुढे नेत नाही, पडद्यावरचे शत्रू साफ करते. अडचणीत असताना ती दिसली तर आधी ती.

आणि कोड. खेळ चालू असताना स्टार्ट दाबून थांबवायचा, मग वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, आणि पुन्हा स्टार्ट. यान एकदम जवळजवळ पूर्ण सज्ज होतं. घरची आवृत्ती तपासताना खेळ फार अवघड जात होता म्हणून कोनामीचे प्रोग्रामर काझुहिसा हाशिमोतो यांनी स्वतःच्या सोयीसाठी हे घातलं आणि ते तसंच कॅसेटमध्ये राहिलं. हाशिमोतो २०२० मध्ये गेले. कॉन्ट्राचे ३० जीव त्यानंतरचे. नवशिक्याने कोड जरूर वापरावा, पण पहिल्या बिग कोअरच्या आधी नको. तोवर पट्टी हाताने चालवायची सवय लागली पाहिजे, नाहीतर कोड संपला की खेळ संपला.

आपल्याकडे हा खेळ कसा मिळतो, त्याकडे वळू. सामुराई, लिटल मास्टर, मीडिया अशा नावांनी जे व्हिडिओ गेम भारतात घरोघरी होते ते फॅमिकॉमच्याच घराण्यातले, कॅसेट ६० पिनांची. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानापर्यंत आज जे नवीन डबे दिसतात तेही त्याच जातीचे. सोबत येणाऱ्या मल्टी-कॅसेट अधिकृत नसतात, आणि स्वस्तातल्या अनेकांत चित्रांचा बँक बदलण्याची, म्हणजे साठवलेल्या चित्रांचे गट खेळ चालू असताना पालटण्याची, सोय नसते. अशा कॅसेटमध्ये छोटे खेळ चालतात, ग्रेडियस बसत नाही. ९९९९ खेळ लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच पंधरा-वीस खेळ नाव बदलून येतात, म्हणून आकड्याला भुलू नका, यादी चालवून बघा.

दुसरी गोष्ट वेगाची. फॅमिकॉम सेकंदाला ६० चित्रांसाठी बनला, आपल्याकडचे पाल या टीव्ही पद्धतीचे डबे ५० चित्रांवर चालतात. खेळ चित्र मोजून चालतो, त्यामुळे दहा मिनिटांचा खेळ बारा मिनिटांना पुरतो. संगीताचा सूर तोच राहतो, चाल मात्र रेंगाळते. शिकणाऱ्याला हा मंद वेग फायद्याचाच आहे. पण ६० वाल्या मशीनवर बसलात की सुरुवातीला हात मागे पडेल, हे धरून चाला.

खानदेशात या डब्यांचा मोठा शत्रू म्हणजे उन्हाळा. मुलं आखाजीच्या सुट्टीत तासन्‌तास खेळतात आणि तेव्हाच भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो. डब्यात ७८०५ नावाचा रेग्युलेटर येणारा दाब ५ व्होल्टवर आणतो, आणि उरलेला दाब उष्णता होऊन बाहेर पडतो. मशीन ३०० मिलिअँपिअर घेतंय असं धरा. ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर १.२ वॅट उष्णता, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर २.१ वॅट. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर ९ लिहिलेलं असलं तरी भार कमी असताना ते त्याहून जास्त देतात. अर्ध्या तासाने चित्र गोठलं किंवा मशीन बंद पडलं, आणि दहा मिनिटं थंड झाल्यावर पुन्हा चालू झालं, तर कॅसेटला हात लावू नका. रेग्युलेटर तापून स्वतःहून बंद होतोय. त्याला ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावून घ्या, मध्ये थर्मल पेस्ट हवी, आणि अडॅप्टर ९ व्होल्टचा नवीन स्विचिंग प्रकारचा घ्या. पिनेचा मधला भाग धन की ऋण ते डब्यावरच्या खुणेशी जुळवून मगच लावा. डबे दोन्ही प्रकारचे येतात आणि उलटा लावला तर मशीन जाऊ शकतं.

धुळीचा त्रास कॅसेटला. फुंकर मारून काम होतं असं सगळ्यांना वाटतं, पण खरं काम कॅसेट काढून पुन्हा लावल्याने होतं. फुंकरीतला ओलावा पिना काळ्या पाडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानात घालायचा कापसाचा बड, दोन्ही बाजूंच्या तीस-तीस पट्ट्यांवर लांबीच्या दिशेने पुसायचं, पाच मिनिटं वाळू द्यायचं. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो. खोट कुठे आहे हे पडद्यावरूनच ओळखता येतं. खेळ चालतोय, आवाज येतोय, पण चित्रांच्या जागी अक्षरांचा कचरा दिसतोय तर चित्रांच्या बाजूच्या पिना मळल्या आहेत. एकाच रंगाचा कोरा पडदा आला तर प्रोग्रामच्या बाजूच्या. साफ करूनही फरक नाही आणि कॅसेट उघडल्यावर चिपऐवजी काळा डांबरासारखा ठिपका दिसला, तर नाद सोडा. त्या ठिपक्याखालची तार सुटली की दुरुस्ती होत नाही.

टीव्हीबद्दल थोडक्यात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर तोच उत्तम. एलईडीवर लावताना अँटेनाच्या वायरीपेक्षा पिवळ्या-पांढऱ्या एव्ही वायरी वापरा आणि चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. एव्हीचं एचडीएमआय करणारे स्वस्त कन्व्हर्टर टाळा. बटण आणि यान यांच्यात जी ढिलाई येते ती मारिओत चालून जाते, बिग कोअरच्या फटीत चालत नाही. हातातले ४००-इन-१ वाले छोटे डबे प्रवासाला ठीक, पण त्या पडद्यावर शत्रूची गोळी आणि मागचा तारा यातला फरक कळत नाही.

अधिकृत आणि बिनत्रासाचा मार्ग हवा असेल तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. फॅमिकॉम-एनईएसची आवृत्ती २०१६ च्या एनईएस क्लासिक मिनीमध्ये आणि निन्टेंडो स्विच ऑनलाइनच्या जुन्या खेळांत आहे, ६० च्या पूर्ण वेगाने. आर्केडची आवृत्ती २०२५ च्या ग्रेडियस ओरिजिन्स संग्रहात आहे, एम२ या कंपनीने केलेली, पीसीवरही मिळते, आणि त्यात मागे घेऊन पुन्हा खेळायची सोय आहे. कॅसेटची आवृत्ती त्या संग्रहात नाही. पीसी घरात आहे आणि चार ऑप्शनचा पूर्ण लेसर-पाऊस बघायचाय, तर ओरिजिन्स घ्या. घरात चालू डबा आहे, भावंडं आळीपाळीने खेळणार आहेत, तर कॅसेटच. तिच्यात दोघांचा खेळ आळीपाळीचाच आहे.

दुकानात पैसे देण्याआधी ग्रेडियस तिथेच लावून घ्या. खालची पट्टी थरथरत नाही ना, ते बघा. यान चारही कोपऱ्यांत तिरकं नेऊन बघा, रिमोटचा रबर झिजला असेल तर तिरकी चाल आधी मरते. मग खेळ थांबवून कोड मारा. त्यात चारही दिशा आणि दोन्ही बटणं येतात, त्यामुळे तीन-चार वेळा नीट मारूनही यान सज्ज झालं नाही, तर दुसरा रिमोट मागून पुन्हा मारून बघा. दुसऱ्याने चाललं की पहिला रिमोट बदलून घ्या.